धाप, दमा आणि एक अरुंद झडप: खानापूर तालुक्यातल्या एका रुग्णाचं प्रकरण

वय ३४, बाई. घरची अडीच एकर भातशेती, शिवाय दुसऱ्यांच्या शेतात रोजगार. सासर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला, माहेर सरहद्दीपलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात. वजन ४३ किलो. दोन मुलं. बीपी नाही, शुगर नाही. मिश्री सोडली तर तंबाखूही नाही. मिश्री म्हणजे तंबाखूच, पण ते इकडच्या बायकांना पटवणं हा वेगळा विषय. तक्रार एकच, धाप. कधीपासून, तर "लई वर्षं झाली बघा."

गावात त्यांना सगळे आक्का म्हणतात, म्हणून इथंही आक्काच. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आजार, तपासण्या आणि उपचाराचा क्रम आहे तसा ठेवला आहे.

आक्कांच्या मालकांकडे, म्हणजे नवऱ्याकडे, बेळगावच्या गणपत गल्लीतल्या कापड दुकानाची एक पिशवी होती आणि तिच्यात आजवरचे सगळे कागद. मला रुग्णाआधी अशी पिशवी वाचायला आवडते. हिच्यात एका चिठ्ठीवर ‘संधिवात’ होतं, दुसरीवर ‘रक्त कमी’. पहिल्या बाळंतपणाच्या कार्डावर सातव्या महिन्यात पायाला सूज आणि दम लागतो अशी नोंद, शेजारी लोहाच्या गोळ्या. दुसऱ्या बाळंतपणानंतर खोकल्यातून रक्त पडलं म्हणून टीबीची थुंकी तपासणी, निकाल निगेटिव्ह. त्यानंतरच्या पाच-सहा चिठ्ठ्यांवर दमा: पंप, गोळ्या, दर पावसाळ्यात दोन-चार इंजेक्शनं. प्रत्येक कागद त्या त्या दिवसापुरता बरोबरच वाटतो. हे सगळे कागद एका टेबलावर शेजारी शेजारी कुणी मांडले नव्हते, एवढंच.

लावणीच्या दिवसांतली रात्र

जुलैमध्ये जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पाऊस धरला की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, आणि भाताची लावण त्याच दिवसांत उरकावी लागते. आक्कांना आठवडाभर सर्दी-ताप होता. तरी लावणीला गेल्या, कारण पैऱ्याचं, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीनं राबायच्या कराराचं, माणूस चुकवता येत नाही. रात्री आडवं पडलं की जीव घाबरा व्हायचा म्हणून भिंतीला टेकून बसायच्या. तिसऱ्या रात्री बसूनही भागेना. जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथं वाफ दिली, डेरीफायलिन हे दम्याचं औषध आणि डेक्सोना हे स्टेरॉईड टोचलं आणि अशक्तपणा दिसतोय म्हणून सलाईनची बाटली लावली. अर्धी बाटली जाते न जाते तोच तोंडातून गुलाबी फेस यायला लागला. मग १०८ आली आणि पिरनवाडीमार्गे बेळगावला आमच्याकडे.

आल्या तेव्हा ऑक्सिजन ८२ टक्के, श्वास मिनिटाला ४० च्या आसपास, बीपी १०० वर ७०. दोन्ही फुप्फुसांत तळापासून वरपर्यंत बुडबुड्यांचा आवाज. नाडी हाताला लागत होती, पण तिला ताल नव्हता: दोन ठोके घाईत, एक उशिरा, मग एक असा की लागला की नाही कळेना. सिस्टरना मी मनगट धरायला सांगितलं, स्वतः छातीवर स्टेथोस्कोप ठेवला आणि दोघांनी एकच मिनिट मोजलं. छातीवर १५२, मनगटावर ११८. हृदय आकुंचन पावत होतं, पण बऱ्याच ठोक्यांत मनगटापर्यंत पोचेल एवढं रक्तच आत भरलेलं नव्हतं. या फरकाला पल्स डेफिसिट म्हणतात. असा अनियमितपणाही अनियमित असलेला ताल दिसला की डोक्यात पहिलं नाव एट्रियल फिब्रिलेशनचं येतं, म्हणजे वरचे कप्पे आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरत असतात. ईसीजीनं तेच सांगितलं.

दमा नव्हता हे तेवढ्यावरच ठरत नाही. दमेकऱ्यालाही हृदयविकार होऊ शकतो. पण चौतिशीतली बाई, आडवं पडलं की वाढणारी धाप, गुलाबी फेस, विस्कटलेली नाडी, आणि गरोदरपणात पहिल्यांदा दिसलेली लक्षणं, हे सगळं एका ओळीत आलं की संशय मायट्रल झडपेवर जातो. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी खाटेशेजारीच इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, प्रोब ठेवला. डावा खालचा कप्पा लहान आणि चांगला जोरकस, डावा वरचा कप्पा फुगलेला, मधली झडप जाड आणि जेमतेम उघडणारी.

पाणी का तुंबलं

फुप्फुसातून शुद्ध झालेलं रक्त डाव्या वरच्या कप्प्यात येतं, तिथून मायट्रल झडपेतून खालच्या कप्प्यात उतरतं आणि तिथून सगळ्या अंगाला जातं. निरोगी माणसात ही झडप ४ ते ६ चौरस सेंटिमीटर उघडते. ती दीड चौरस सेंटिमीटरवर आली की आजार तीव्र समजतात, आणि एकच्या खाली गेली की अतितीव्र. आक्कांच्या मालकांना मी शेतातलंच उदाहरण दिलं: बांधाची मोरी गाळानं अरुंद झाली की वरच्या खाचरात पाणी साचतं, खालचं खाचर कितीही चांगलं असो. इथं वरचं खाचर म्हणजे फुप्फुस.

पुढची गोष्ट जरा बारकाईची आहे, पण या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची. झडपेतून रक्त खाली उतरतं ते दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात. नाडी ७५ असते तेव्हा एका ठोक्याचा पूर्ण वेळ ०.८ सेकंद, त्यात भरण्यासाठी साधारण अर्धा सेकंद मिळतो. नाडी १५० झाली की पूर्ण ठोकाच ०.४ सेकंदात आटपतो, आणि कात्री लागते ती मुख्यतः भरण्याच्या वेळेला. रुंद झडपेला फरक पडत नाही. अरुंद झडपेमागे मात्र दाब भराभर चढतो. डाव्या वरच्या कप्प्यातला दाब एरवी १२ मिलिमीटरच्या आत असतो. तो २५ च्या पुढे गेला की फुप्फुसातल्या केशवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपायला लागतं.

म्हणून ताप, चिखलातली मेहनत आणि तालाचा बिघाड, हे तिन्ही एकाच दिशेनं काम करत होते: नाडी वाढवत होते. वाफेतलं साल्ब्युटामॉल आणि डेरीफायलिन ही दोन्ही औषधंही नाडी वाढवतात. दम्यात ती श्वासनळ्या उघडतात आणि माणूस सुखावतो. इथं त्यांनी भरण्याचा वेळ आणखी चोरला. वर सलाईन, म्हणजे आधीच भरलेल्या खाचरात आणखी पाणी. खेड्यातल्या डॉक्टरला मध्यरात्री, पावसात, ईसीजीशिवाय हे ओळखणं सोपं नाही, हे मान्य. पण धाप लागलेल्या माणसाला ‘ताकदीची बाटली’ लावायची पद्धत मात्र मला अजिबात मान्य नाही. पेशंट मागतो म्हणून लावली, हे कारण होऊ शकत नाही.

उपचार सुरू झाले ते असे: उठवून बसवलं, पाय खाली सोडले, घट्ट मास्कमधून दाबासह ऑक्सिजन, शिरेतून लघवीवाटे पाणी काढणारं फ्युरोसेमाईड, आणि नाडी खाली आणणारं औषध, बीटा ब्लॉकर. हृदयाचा स्नायू कमकुवत असेल तर अशा वेळी बीटा ब्लॉकर द्यायला आम्ही कचरतो. इथं स्नायू ठणठणीत होता, अडचण वेळेची होती, त्यामुळे नाडी संथ करणं हाच उपचार. म्हणूनच तो पाच मिनिटांचा खाटेवरचा इको मोलाचा ठरला. पहाटेपर्यंत दीड लिटर लघवी झाली, नाडी १०० च्या आत आली आणि आक्कांनी चहा मागितला.

"किती ब्लॉकेज हाईत?"

सकाळी मालकांचा पहिला प्रश्न हाच. आपल्याकडे हृदयविकार म्हणजे ब्लॉकेज हे समीकरण इतकं पक्कं झालंय की त्यापलीकडे हृदयाला काही होऊ शकतं हेच लोकांच्या ध्यानात येत नाही. हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या तुंबल्या की हार्ट अटॅक येतो. त्यात छाती दाबल्यासारखी दुखते, दरदरून घाम फुटतो, ईसीजी आणि ट्रोपोनिन या रक्ततपासणीवरून निदान होतं आणि अँजिओग्राफी करून स्टेंट टाकतात. स्नायू थकला तर वेगळं, वीजवहन बिघडलं तर वेगळं, झडप बिघडली तर वेगळं. धाप मात्र चारही ठिकाणी लागू शकते. कुणा नातेवाइकाच्या सांगण्यावरून मालक आधी अँजिओग्राफीच करा म्हणून हटून बसले होते. चौतीस वर्षांच्या, शुगर-बीपी नसलेल्या बाईत त्या दिवशी तिची काही गरज नव्हती.

दुसरा घोळ इकोच्या रिपोर्टवरून. त्यावर ईएफ ६० टक्के असं छापलं होतं. पुतण्या मोबाईलवर वाचून सांगत होता, "काकीचं हार्ट साठ टक्केच चालतंय, चाळीस टक्के गेलं." ईएफ म्हणजे भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त प्रत्येक ठोक्याला बाहेर ढकललं जातं तो आकडा. तो कुणाचाच शंभर नसतो. साधारण ५५ ते ७० म्हणजे उत्तम. आक्कांचा आकडा चांगलाच होता. तो चांगला होता म्हणून आजार नाही, असंही नव्हे. ईएफ खालच्या कप्प्याचं बळ सांगतो, झडप किती उघडते ते सांगत नाही. ‘इको नॉर्मल’ एवढाच शेरा देऊन मोकळ्या होणाऱ्या रिपोर्टांबद्दल माझी हीच तक्रार असते: प्रश्न काय विचारला होता, ते लिहा.

नाडी संथ झाल्यावर मी पुन्हा ऐकलं. आक्कांना डाव्या कुशीवर वळवलं, स्टेथोस्कोपची घंटेसारखी बाजू स्तनाखाली, जिथं ठोका लागतो तिथं अगदी हलकी टेकवली आणि पंखा बंद करायला लावला. पहिला आवाज टणक. दुसऱ्यानंतर एक छोटा टिचका, आणि मग खोल, खरखरीत गडगड. हा मायट्रल स्टेनोसिसचा, म्हणजे अरुंद झालेल्या मायट्रल झडपेचा, मर्मर (जास्तीचा आवाज). रात्री १५२ च्या गतीत तो ऐकू येणं शक्यच नव्हतं. पण दोन बाळंतपणांत, सावकाश नाडी असताना, कुशीवर वळवून ऐकला असता तर बहुधा सापडला असता. या तपासणीला वीज लागत नाही की मशीन लागत नाही, आणि तरी ओपीडीच्या गर्दीत पहिली काट हिलाच बसते.

मग विचारलं, "आक्का, ल्हानपणी सांधे कधी धरले होते काय?"

उत्तर आईकडून आलं. चंदगडहून ती रातोरात आली होती. "पाचवीत असताना. आज गुडघा, उद्या घोटा, परवा कोपर. हात लावू देत नव्हती. ताप पण हुता. शाळा बुडली ती बुडलीच." तेव्हा एका जाणत्यानं लेप दिला, महिन्याभरात सूज उतरली आणि सगळे विसरले.

हा संधिवाताचा ताप, म्हणजे रूमॅटिक फीवर. साधारण ५ ते १५ वर्षांच्या मुलांना घशात स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूचा संसर्ग होतो. घसा बरा होतो, पण त्या जंतूशी लढायला तयार झालेली शरीराची फौज दोन-चार आठवड्यांनी आपल्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटते. सांधेदुखी या सांध्यातून त्या सांध्यात फिरते आणि खूण न ठेवता जाते. झडपेवर मात्र व्रण राहतो. पुढं पुन्हा पुन्हा घसा धरला की व्रणावर व्रण चढतात, झडपेच्या पाकळ्यांच्या कडा चिकटत जातात आणि दहा-वीस वर्षांनी ती अरुंद होते. मायट्रल स्टेनोसिस बायकांत जास्त दिसतो. गरोदरपणात रक्ताचं आकारमान चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं, नाडीही वाढते, म्हणून तोवर गप्प बसलेली झडप बहुतेकदा पहिल्या बाळंतपणाच्या सुमारास तोंड उघडते. आक्कांच्या कार्डावरची सातव्या महिन्यातली ती नोंद हीच होती. खोकल्यातून पडलेलं रक्तही यातलंच. फुप्फुसातल्या शिरांवर दाब वाढला की बारीक शिरा फुटतात. टीबीचा संशय घेणं गैर नव्हतं. थुंकी निगेटिव्ह आल्यावर मग रक्त कशाचं, हा पुढचा प्रश्न विचारायचा राहिला.

फुगा लगेच का नाही

पूर्ण इकोचे आकडे: झडप ०.९ चौरस सेंटिमीटर. झडपेच्या वर आणि खाली दाबाचा सरासरी फरक १५ मिलिमीटर. डावा वरचा कप्पा ५४ मिलिमीटर, म्हणजे चांगलाच फुगलेला. फुप्फुसाच्या धमनीतला दाब ६८. झडपेतून गळती नावापुरती. पाकळ्या किती जाड, किती लवचिक, खाली किती चिकटलेल्या, चुना किती साठलेला, या चार गोष्टींना प्रत्येकी चारपैकी गुण देतात, त्याला विल्किन्स स्कोअर म्हणतात. आठ किंवा त्याखाली असेल तर झडप फुग्यानं उघडण्यासारखी असते. आक्कांचा स्कोअर सात.

ही फुग्याची पद्धत जपानच्या कांजी इनोऊ यांनी १९८२ मध्ये पहिल्यांदा वापरली. जांघेतल्या शिरेतून नळी उजव्या वरच्या कप्प्यात नेतात, दोन कप्प्यांमधल्या पडद्याला सुईनं भोक पाडून डावीकडे जातात, झडपेत फुगा बसवतात आणि क्षणभर फुगवतात. चिकटलेल्या कडा सुटतात. छाती उघडावी लागत नाही. स्टेनोसिस असलेल्या तरुण रुग्णाला, झडप लवचिक असेल तर, यासारखा उपचार नाही. भारतातल्या हृदयरोगतज्ज्ञांचा यात हात बसलेला आहे, कारण आपल्याकडे हा आजार अजून भरपूर दिसतो.

मालकांना वाटलं, उद्याच करून टाकतील. पण त्याआधी अन्ननलिकेतून प्रोब घालून इको करावा लागतो, कारण डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटा खिसा असतो आणि थरथरत्या कप्प्यात रक्त तिथंच साकळतं. आक्कांच्या त्या खिशात गुठळी होती. फुगा नेताना ती सुटली तर थेट मेंदूत, म्हणजे लकवा. तेव्हा आधी रक्त पातळ करायचं, दोन-तीन महिने थांबायचं, पुन्हा बघायचं. बरं वाटायला लागलेल्या पेशंटला ‘आता थांबा’ म्हणून सांगणं फार अवघड असतं.

रक्त पातळ करायला गोळी दिली असिट्रोम. ओळखीच्या एका मेडिकलवाल्यानं मालकांना सुचवलं, नव्या गोळ्या आल्यात, त्यांना रक्त तपासत बसावं लागत नाही. म्हणाला ते खोटं नाही, पण या आजाराला लागू नाही. २०२२ मध्ये ‘इनव्हिक्टस’ नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. संधिवाताच्या झडपविकारात एट्रियल फिब्रिलेशन असलेले सुमारे साडेचार हजार रुग्ण त्यात होते. नव्या गटातलं रिव्हारोक्साबान आणि असिट्रोमच्या गटातली जुन्या पद्धतीची गोळी यांची तुलना केली तेव्हा जुन्या गोळीवरचे रुग्ण जास्त जगले. म्हणून अशा रुग्णांना आम्ही अजून जुनीच देतो आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, तपासतो. तो २ ते ३ मध्ये हवा. कमी झाला तर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव.

पुढचे महिने याच आकड्यामागे धावण्यात गेले. पहिल्या महिन्यात आयएनआर ३.४. विचारल्यावर कळलं, ‘पालेभाजी बंद’ असं कुणीतरी सांगितलं म्हणून घरात मेथी-शेपूचं नावच काढलं नव्हतं. पालेभाजीत क जीवनसत्त्व असतं ते वेगळं. इथं कारभार ‘के’ जीवनसत्त्वाचा, आणि ही गोळी त्याच्याविरुद्ध काम करते. गोळीचं प्रमाण कमी केलं. गणपतीत पाहुण्यांसोबत तांबडी भाजी, मेथी सगळं पुन्हा सुरू झालं आणि आकडा १.४ वर आला. मग मी स्पष्टच सांगितलं: भाजी सोडायची नाही, आठवड्याला जेवढी खाता तेवढीच नेमानं खा, गोळी मी त्याप्रमाणं बसवतो. दसऱ्याच्या पुढं जुलाब झाले, गावात मेट्रोनिडाझोल मिळाली, ती असिट्रोमचा परिणाम वाढवते, आणि आयएनआर ५.८, हिरड्यांतून रक्त. दोन दिवस गोळी बंद ठेवून आकडा खाली आणला. तेव्हापासून कुठल्याही दवाखान्यात गेलं की आधी असिट्रोमचं पाकीट दाखवायचं, मग काय होतंय ते सांगायचं, असं ठरवून दिलं. कंबरदुखीवर डायक्लोफिनॅक घ्यायचीही बंदी. ती पोटात रक्तस्राव करू शकते.

गोळीचा हिशेब सुटला तो आक्कांच्या मुलीमुळं. चौथीतली पोर, कन्नड आणि मराठी दोन्ही वाचते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात ती ‘१’ किंवा ‘अर्धी’ लिहायची आणि आईनं गिळल्याशिवाय खूण करत नसे. माझ्या इंग्रजीतल्या चिठ्ठीपेक्षा तो कागद जास्त कामाचा होता. रक्त तपासायला बेळगावला यायचं तर शक्ती योजनेमुळं कर्नाटकाच्या बसमध्ये बायकांना तिकीट नाही. हा खर्च वाचला नसता तर तपासणीला किती वेळा खाडा झाला असता, कोण जाणे.

खर्चाचं म्हणाल तर बीपीएल रेशनकार्ड होतं, त्यामुळं आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकमधून फुग्याचा उपचार बसला. त्यासाठी सरकारी रुग्णालयाचं रेफरल लागतं. आधारवर माहेरचं आडनाव आणि रेशनकार्डावर सासरचं, या एका गोष्टीपायी मालकांचे दोन आठवडे गेले. सीमाभागात ही अडचण नेहमीची: मुलगी महाराष्ट्रातली, सून कर्नाटकातली, आणि कागद अर्धे मराठीत, अर्धे कन्नडमध्ये. लग्नानंतर आधार आणि रेशनकार्डावरचं नाव एकसारखं करून ठेवा, आजारपणाची वाट बघू नका.

फुगा आणि त्यानंतर

दुसऱ्यांदा अन्ननलिकेतून पाहिलं तेव्हा खिसा स्वच्छ होता. फुगा फुगवण्याआधी डाव्या वरच्या कप्प्यातला दाब २८, फुगवल्यावर १२. झडप १.८ चौरस सेंटिमीटर उघडली, दाबाचा फरक ५ वर आला. गळती थोडी वाढली, पण किरकोळच. गळती एकदम वाढणं हा या उपचाराचा मुख्य धोका. तसं झालं तर तातडीनं झडप बदलावी लागते. त्याची तयारी ठेवूनच हा उपचार करतात आणि ही गोष्ट घरच्यांना आधी सांगायची असते.

दुसऱ्या दिवशी आक्का सपाट आडव्या झोपल्या होत्या. सासूबाईंना तेवढंच नवल. "आत्ती, उशी काढा की," असं सुनेनंच सांगितलं म्हणे.

ताल काही पूर्ववत झाला नाही. कप्पा इतकी वर्षं ताणलेला असला की फिब्रिलेशन बहुधा मुक्काम ठोकतं. म्हणून असिट्रोम कायम, नाडी संथ ठेवणारी मेटोप्रोलॉल कायम. यातली असिट्रोम गर्भाला, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, घातक असते; तिसऱ्या मुलाचा विचार नाही हे नवरा-बायको दोघांना समोर बसवून विचारलं.

राहिलं पेनिसिलिन. झडप उघडली तरी नवा स्ट्रेप्टोकोकस आला तर नवा व्रण. तो टाळायला दर २१ दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिन १२ लाख युनिट, कुल्ल्याच्या स्नायूत खोल. झडप बिघडलेल्या रुग्णाला हे शेवटच्या संधिवाताच्या तापानंतर दहा वर्षं किंवा चाळिशीपर्यंत, यातलं जे उशिरा येईल तोवर तरी द्यायचं; आक्कांच्या बाबतीत म्हणजे किमान चाळिशीपर्यंत. फुग्याआधी मात्र आम्ही इंजेक्शन दिलं नाही, दिवसातून दोनदा पेनिसिलिनची गोळी दिली. झडप अतितीव्र अरुंद असताना इंजेक्शनच्या वेदनेनं नाडी किंवा बीपी कोसळून जिवावर बेतू शकतं, आणि असे काही मृत्यू औषधाच्या ॲलर्जीवर खपतात. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०२२ मध्ये या मुद्द्यावर इशारा दिला आहे. झडप उघडल्यावर ती भीती गेली आणि इंजेक्शन सुरू केलं.

खरी अडचण पुढं. इंजेक्शन द्यायला गावाजवळ कुणी तयार होईना. "पेनिसिलिन? नको, रिॲक्शन आली तर?" रिॲक्शन येऊ शकते, म्हणून आधी ॲलर्जी विचारायची, ॲड्रिनालिन हाताशी ठेवायचं आणि दिल्यावर अर्धा तास बसवून घ्यायचं. ती फार क्वचित येते, इंजेक्शन चुकल्यावर झडप पुन्हा बिघडते ते त्यामानानं नेहमीचं. हे औषध घट्ट असतं, सुई अडकते, टोचलेली जागा दोन दिवस ठणकते. आणि आक्का असिट्रोमवर असल्यामुळं जागा दहा मिनिटं दाबून धरावी लागते. शेवटी एका प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनी ते मनावर घेतलं. तारीख चुकली की त्याच फोन करतात.

मुलीचा घसा त्याच हिवाळ्यात धरला. हा आजार आईकडून रक्तातून येत नाही, पण एका खोलीत पाच माणसं झोपत असतील तर जंतू एकमेकांकडे जातो. तिला पेनिसिलिन दिलं आणि एकदा इको केला. झडपा स्वच्छ आहेत. शेजारच्या घरातला तिचा चुलतभाऊ गुडघे दुखतात म्हणून शाळेला जात नव्हता. त्याचं दुखणं एकाच गुडघ्यात होतं, ताप नव्हता, आणि तो झाडावरून पडला होता हे त्यानं घरी सांगितलं नव्हतं.

आक्कांचा इको आता वर्षाला एकदा. उघडलेली झडप काही वर्षांनी पुन्हा अरुंद होऊ शकते. तेव्हा पाकळ्या चांगल्या असतील तर पुन्हा फुगा, नाहीतर शस्त्रक्रिया करून धातूची झडप. यंदा लावणीला जाऊ का, असं त्यांनी विचारलं. जा म्हणालो, पण ताप असताना नाही, आणि दम लागला तर पैरा फिटेपर्यंत थांबायचं नाही.